झडतीची वाट पाहणारा माणूस

रेवा, ईशान,

परवा फोनवर रेवा सांगत होती, तिकडे तुमच्या शहरात लोक पाट्या घेऊन महापौरांच्या कचेरीपुढे उभे राहिले आणि शाळा सुटल्यावर तीही मैत्रिणींबरोबर तिथे गेली. ओरडून ओरडून घसा बसला होता तिचा. मग तिने मला विचारलं, "आजी, तुमच्याकडे लोक पुढाऱ्यांवर चिडले की काय करतात?"

मी म्हटलं, "सांगते हं," आणि गप्प झाले. तुम्हाला वाटलं फोन कट झाला. तो कट झाला नव्हता. मी फोन कानाला लावून तशीच उभी होते. जन्मभर वर्गात मुलांना "प्रश्न नीट ऐका, उत्तर नेमकं द्या" असं बजावत आले, आणि नातीने एक साधा प्रश्न विचारला तर मला त्याचं उत्तर येईना. रेवाच म्हणाली मग, "इट्स ओके आजी, लोक अपॅथेटिक असतील." नाही गं. उदासीन, हा शब्द बरोबर नाही. पण बरोबर शब्द कोणता, तेही मला सांगता येत नाही.

आज लिहायला बसले, कारण पोळा तोंडावर आला आहे. ओसरीतून समोर पाहिलं तर कवडूजी बैलांच्या झुली उन्हात टाकून काठीने झटकत आहेत. कवडूजी म्हणजे आपले समोरचे शेजारी. ईशान, लहानपणी ज्यांच्या बैलाच्या पाठीवर तुला बसवलं आणि तू गाव गोळा होईपर्यंत रडलास, तेच. वर्षभर पेटीत पडून राहिलेल्या त्या कापडांचा वास, डांबरगोळी आणि गोठा यांचा मिळून झालेला, रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत येतो. तो आला की मला मागच्या वर्षीचा पोळा आठवतो. रेवाच्या प्रश्नाचं उत्तर असलंच तर त्या पोळ्यातच कुठेतरी आहे.

तुम्ही पोळा पाहिलेला नाही, म्हणून आधी तो सांगते. श्रावणाच्या अवसेला आमच्याकडे बैलांचा सण असतो. या दिवसांत कपाशीला कळ्यांची पाती धरलेली असते, तण काढायची डवरणी आटोपलेली असते आणि काळी माती चपलेला अशी धरते, की माणूस घरी येतो तेव्हा अर्धं शेत बरोबर घेऊन येतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे कोमट हळदतुपाने चोळतात. जिथे वर्षभर जू टेकतं, तिथली कातडी जाड आणि काळी झालेली असते. तिच्यावर हात फिरवत बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला हे वाक्य फार आवडतं. ज्याने वर्षभर ओढलं त्याला रीतसर आमंत्रण.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली की जोड्या मैदानात येतात. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा. आमच्या गावच्या जोड्या, शेजारच्या तांड्यावरच्या, विहारापलीकडच्या वस्तीतल्या, सगळ्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली एका ओळीत. हळद, शेण, घाम आणि घरोघरी शिजणाऱ्या पुरणाचा वास एकमेकांत मिसळलेला. आणि मग झडत्या सुरू होतात.

पोलीस घेतात ती झडती नव्हे. ही झडती म्हणजे दोन ओळींचा टोमणा. आपल्या जोडीशी उभा राहून एकजण तो मोठ्याने म्हणतो आणि सगळं मैदान "हर हर महादेव" म्हणून उचलून धरतं. झडती कोणावरही म्हणता येते: सावकारावर, सरपंचावर, जावयावर, देवावरसुद्धा. नियम एकच, आणि तो कुठे लिहिलेला नाही. ज्याच्यावर म्हणायची तो समोर हजर पाहिजे. पाठीमागे म्हटली तर ती झडती नव्हे, चुगली. आणि ज्याच्यावर म्हटली त्याने हसायचं. नाही हसला तर पुढच्या वर्षीही त्याच्यावरच.

मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले तेव्हा मला हे सगळं असंस्कृत वाटलं होतं. एवढ्या लोकांत माणसाची अब्रू काढायची आणि वर त्याने दात दाखवायचे! तुमचे आजोबा म्हणाले होते, "अगं, जिथे अब्रू आहे तिथेच काढतात." मला ते तेव्हा कळलं नव्हतं. आताही पुरतं कळलंय असं नाही.

आता प्रल्हाद. तो माझा विद्यार्थी. इंग्रजीत कच्चा, पण कविता पाठ म्हणायला सांगितली की चुकलेल्या जागीही अशा ठसक्यात म्हणायचा, की मलाच पुस्तक उघडून बघावं लागे. बाप लवकर गेला. त्याला औत धरायला कवडूजींनी शिकवलं आणि त्याच्या आईने कवडूजींना कैक वर्षं दुपारची भाकर दिली. पुढे तो सरपंच झाला. तेव्हा गावात पाण्याची टाकी बांधली गेली, उंच, पांढरी, लांबून देवळासारखी दिसणारी. पाणी काही तिच्यात चढेना. त्या वर्षीच्या पोळ्याला कवडूजींनी आपल्या जोडीच्या शिंगांवर हात ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले,

"नळ लावला, तोटी लावली, टाकी बांधली उंच,
टाकीत पानी कोठी हाय, सांग ना गा सरपंच!"

मैदान नुसतं उसळलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. प्रल्हाद इतका हसला की खाली बसला. मग उठून ओरडला, "काका, पुढल्या पोळ्याले तुमाले टाकीतच बुडवतो!" आणि कवडूजी म्हणाले, "पह्यले पानी तं आन बे पल्ल्या, मंग बुडव!"

पल्ल्या. एका सरपंचाला, भर मैदानात. आणि तो ऐटीत उभा होता, जणू हारच घातला कोणी.

पाणी नंतर आलं. झडतीमुळे आलं की येणारच होतं, मला माहीत नाही. मला व्यवस्थित विचार करायची सवय आहे, हे तुमची आई हसून सांगत असेल. माझ्या कपाटात सुईदोऱ्यालाही ठरलेला कप्पा आहे. पण पुढची जी वर्षं आहेत, ती कोणत्या कप्प्यात ठेवावी ते मला समजत नाही. कारण त्या वर्षांत नेमकं असं काही झालंच नाही. प्रल्हाद मोठा होत गेला. तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला, मग मुंबईला जाऊन येऊन राहू लागला. मोटारीला काळ्या काचा आल्या. गळ्यातल्या दुपट्ट्याचा रंग एकदा बदलला, मग आणखी एकदा, मग बहुतेक पहिलाच परत आला. माझं लक्ष राहिलं नाही. लोकांचंही राहिलं नाही. त्याचा फोन दुसरेच कोणी उचलू लागले. "भाऊ मीटिंगमध्ये आहेत." काम मात्र व्हायचं. हे मुद्दाम लिहिते. कागद अडला तर सुटायचा, रस्ता खचला तर खडी पडायची. त्याने गावाचं वाईट केलं असं कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

तरी काहीतरी गेलं. घाटंजीच्या बाजारात पूर्वी दोन माणसं भेटली की राजकारणावरून हमरीतुमरी व्हायची, भाजीवाली मध्ये पडायची. हल्ली निकालाच्या दिवशीही "कोन आलं?" असं एखाद्याने विचारलं, तर दुसरा वांगी निवडत निवडत म्हणतो, "येऊ दे ना बाप्पा कोनी बी. आपल्याले काय, वांगेच घेनं हाय." गावात प्रल्हादची गाडी आली की ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहतात, हात जोडतात, गाडी गेली की बसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा आदर. पण ज्याचा आदर करतात त्याच्याविषयी माणसं नंतर बोलतात तरी. ही माणसं बसली ती जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे बोलू लागली. जणू मधून एक ट्रक गेला.

दोन पोळ्यांमागची गोष्ट. कोणा कार्यकर्त्याच्या डोक्यातून निघाली असेल, पण चूक व्हायची ती झाली. मैदानाच्या कडेला एक टेम्पो उभा राहिला, त्यावर माणसापेक्षा उंच भोंगे. जोड्या तोरणाखाली लागल्या आणि भोंग्यांतून झडत्या सुरू झाल्या. यवतमाळला कुठेतरी पैसे देऊन म्हणवून घेतलेल्या, ढोलकी लावून.

"विकासाचा डोंगर, भाऊंचा हात,
जनता सारी भाऊंच्या साथ!"

स्तुतीची झडती! असं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. जावयानेसुद्धा सासऱ्यावर म्हटली नसेल. बैल बिथरले. कवडूजींचा पांढरा बैल मान झटकू लागला, त्याचं बाशिंग चिखलात पडलं. मला वाटलं, आता लोक चिडतील, कोणी टेम्पोची तार तोडेल, निदान शिव्या तरी घालेल. कोणीच काही केलं नाही. लोकांनी गपचूप जोड्या सोडल्या, तोरणाखालून काढल्या आणि घरी नेल्या. मैदान रिकामं झालं. भोंगे मात्र "हर हर महादेव" म्हणत राहिले, आपले आपणच.

रेवा, तुझा घसा बसला ते ऐकून मला एकीकडे काळजी वाटली आणि दुसरीकडे, खरं सांगू, हेवा वाटला.

आता मागच्या वर्षीकडे येते. पोळ्याच्या आधी, अशाच दिवसांत, मी लोणच्याच्या बरण्या पुसून फळीवर लावत होते. मागच्या दारात कोणी तरी खाकरलं. पाहते तर प्रल्हाद. गाडी नाही, माणसं नाहीत, पायात चिखलाने भरलेल्या चपला. मी त्याला ओसरीतल्या त्याच्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. पूर्वी तो तिच्यात बसून माझ्याकडून अर्ज तपासून घ्यायचा. आता तो तिच्यात मावत नव्हता.

"बाई, आपल्या आशीर्वादाने सर्व काही सुरळीत चालू आहे," तो म्हणाला.

"प्रल्हाद, इथे माइक नाही."

तो ओशाळून हसला. चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि मग त्याची आपली भाषा परत आली.

"बाई, एक काम होतं तुमच्याकडे."

"माझ्याकडे? कामं तर लोक तुझ्याकडे घेऊन येतात."

"तेच ना. सारे कामालेच येतेत." त्याने चहाची बशी न पिताच खाली ठेवली. "कवडूकाकाले सांगा ना तुमी. औंदा माह्यावर एक झडती म्हना म्हनावं."

मी हातातली बरणी खाली ठेवली. "काय म्हणालास?"

"कशीबी म्हना. घान असली तरी चालते. चोर म्हना, रंगबदलू म्हना, पोट सुटलं म्हना. मी समोर उभा राह्यतो. भोंगे नाई, गाडी नाई, कोनी नाई."

"निवडणूक आली का जवळ?"

मी हे विचारायला नको होतं की बरोबर विचारलं, अजून ठरत नाही. त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. "ते तर येतच राह्यते बाई. निवडनुकीसाठी नाई म्हनत मी."

"मग तू स्वतः का नाही सांगत त्यांना?"

"माह्यासंग बोलत नाईत ते. म्हंजे बोलतेत. 'हो साहेब, नाई साहेब' बोलतेत." मग म्हणाला, "मतं भेटतेत बाई. मतं तर पह्यल्यापेक्षा जास्त भेटतेत. तेच समजून नाई राह्यलं मले."

मला ते खरं वाटलं. त्याच वेळी असंही वाटलं की हा माणूस इतकी वर्षं भाषणं करतो आहे, याला कोणाच्याही घशात आवंढा आणता येतो. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं? पण वाटलं. तो गेल्यावर मी बरण्या पुन्हा पुसल्या, पुसून झालेल्या.

संध्याकाळी रस्ता ओलांडून कवडूजींकडे गेले. ते अंगणात बसून बैलांसाठी सुताचे गोंडे वळत होते. आत त्यांच्या बायकोची, सुमनची, चुलीशी खुडबुड चालली होती.

"प्रल्हाद आला होता," मी म्हटलं.

"पाह्यलं. मांगच्या गल्लीनं आला. मांजरावानी."

"तुम्ही झडती म्हणावी म्हणतो."

"कोनावर?"

"त्याच्यावरच."

कवडूजींचे हात थांबले. ते हसले, पण हसू अर्ध्यावरच विझलं. "बाई, घरच्या बैलाले आपन शिवी देतो का नाई? 'सरक ना रे मुडद्या' म्हन्तो. बाजारातल्या बैलाले कोन शिवी देते? त्याचे दात पाहाचे न् पुढं जाचं. परक्यावर कायची झडती?"

"परका कसा? इथेच वाढला. तुम्हीच औत धरायला शिकवलंत."

"शिकोलं ना. नाई कोन म्हन्ते?"

"मग मत कोणाला दिलंत तुम्ही?"

"त्यालेच देलं." अगदी सहज सांगितलं त्यांनी. "मत देनं येगळं हाय बाई. मत तं मशीनले देते मानूस."

"काही वाईट केलं का त्याने तुमचं?"

"नाई बा. खोटं कायले बोलू? हिच्या आपरेशनले त्याच्याच मानसाचा फोन गेलता यवतमाळले. खाट भेटली."

आतून सुमनचा आवाज आला, "अन् त्याच्या मायच्या हातचं खाल्लं तुमी इतके वर्सं, ते बी सांगा बाईले!"

"तू चूप बैस व! भाकर जयून राह्यली तिकडं, करपली ते पाह्य."

"भाकर नाई जयत. तुमीच जयून राह्यले."

मला वाटलं, सापडलं. सुमन दवाखान्यात होती तेव्हा प्रल्हाद स्वतः भेटायला आला नाही, माणसाकरवी फोन केला, म्हणून हे. मी तसं विचारलं. कवडूजींनी गोंड्याला आणखी एक पीळ दिला.

"राग नाई बाई. राग असता तं म्हटलीच असती ना झडती."

मी परत आले. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मीच एक झडती रचली. हसू नका. यमक, मात्रा, सगळं तपासून. वऱ्हाडी आपली पक्की नाही, तरी जमली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी कवडूजींना म्हणून दाखवली.

"दुपट्टे झाले रंगीबेरंगी, गळा मातर एक,
कोन्या रंगात सापडन बाप्पा, गावचा आमच्या लेक?"

कवडूजींनी डोळे मिटून ऐकली. "बाई, चांगली हाय," ते म्हणाले. "पन हे झडती नाई. हे रडनं हाय."

मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. टोमण्यात थोडं रडणं असतंच, नाहीतर तो टोमणा कशाला मारायचा? पण मैदानात म्हणायची ती त्यांना, मला नाही. बायकांनी झडती म्हणायची रीत नाही, आणि रीत मोडण्याइतकी माझी खात्री नव्हती. कशाबद्दलची खात्री, तेही नीट सांगता येणार नाही.

पोळ्याच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. प्रल्हाद आला. खरंच पायी, खरंच एकटा. पांढरा सदरा, गळ्यात कोणताही दुपट्टा नाही. कितीतरी वर्षांनी मी त्याचा नुसता गळा पाहिला. तो तोरणाच्या उजव्या अंगाला, पूर्वी सरपंच असताना उभा राहायचा तिथेच उभा राहिला. आजूबाजूच्यांनी हात जोडले आणि थोडी जागा मोकळी केली. गर्दी इतकी, की लेकरं बापांच्या खांद्यावर होती, आणि त्याच्याभोवती मात्र हातभर रिकामं वर्तुळ.

झडत्या सुरू झाल्या. पहिली तांड्याच्या नायकांवर गेली. त्यांनी नुकताच ट्रॅक्टर घेतला होता.

"नायक आमचा लय हुशार, ट्रॅक्टर घेतला नवा,
बैलाले म्हने, तू बस घरी, खात राह्य हवा!"

नायक डोक्यावरचा फेटा काढून हसले. मग मोबाइलच्या टॉवरवर एक झाली, नव्या मास्तरांवर एक. मग कवडूजींची पाळी. त्यांनी पांढऱ्या बैलाच्या शिंगांवर हात ठेवला. मी प्रल्हादकडे पाहिलं. तो पुढे झुकला होता. वर्गात स्वतःच्या नावाची वाट पाहणारा मुलगा झुकतो, तसा.

कवडूजींनी मैदानभर नजर फिरवली. ती प्रल्हादवर आली, क्षणभर थांबली असं मला वाटलं, आणि पुढे सरकून बायकांच्या बाजूला, माझ्यावर, येऊन टेकली.

"बाईनं शिकोली इंग्रजी, लेकरं गेली पार,
फोनले दाखोते पुरनपोळी, खाईन कोन यार!"

हर हर महादेव! सुमनने मला कोपराने ढोसलं. मी हसले. नियमच आहे. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते तुमच्यामुळे, आणि त्याबरोबर मला एक विचित्र आनंद झाला, तो तुम्हाला कसा सांगू? नागपूरहून आलेली मी, माझ्यावर आजवर कधी झडती झाली नव्हती. एवढं आयुष्य इथे काढल्यावर त्या दिवशी मी या गावची झाले. आणि मला ती मिळाली ती प्रल्हादच्या वाट्याची होती का? हा विचारही तिथेच आला.

तोही हसत होता. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. मग रीतीप्रमाणे तोरण तोडलं, जोड्या धावल्या, लेकरं ओरडली. चिखल उडाला. गर्दी पातळ झाली तेव्हा प्रल्हाद कवडूजींच्या जोडीपाशी गेला. बैलाच्या कपाळाला हात लावला, आणि मग वाकून कवडूजींच्या पायांना. मी जवळच होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"काका," तो म्हणाला.

कवडूजी दोन पावलं मागे सरले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार साहेब."

बस. एवढंच. आवाजात कडवटपणा नव्हता, टोमणा नव्हता. कचेरीतल्या खिडकीपाशी म्हणावं तसं. प्रल्हादच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मी त्याला नापास झालेलाही पाहिला आहे, तेव्हा तो असा दिसला नव्हता. तो मागच्या गल्लीने गेला.

नंतर वर्षभर मी या गोष्टीवर विचार करते आहे. कधी वाटतं, कवडूजींनी फार कठोरपणा केला. माणूस स्वतःहून मान खाली घालून आला, त्याला दोन ओळी द्यायला काय जात होतं? कधी वाटतं, बरोबर केलं. लोकांचा टोमणाही मागून मिळाला, की मग त्यांच्यापाशी स्वतःचं असं उरतं काय? मत घेतलंस, रस्ते दिलेस, आता आमची नाराजीही तुलाच हवी, आणि तीही तू सांगशील त्या दिवशी? कधी वाटतं, यात प्रल्हादचा दोष थोडाच, सगळीकडेच असं झालं आहे, वणीचे लोक असंच सांगतात, झरीकडचे असंच सांगतात. उभं राहतात, हात जोडतात, बसतात. आणि कधी वाटतं की दोष आमचा आहे. चिडायचे कष्ट आम्ही सोडले, आणि ज्याच्यावर चिडत नाही तो हळूहळू परका होतो, मग तो पोटचा का असेना. यांतलं कोणतं खरं, ते ठरवायला बसले की सकाळचं ठरवलेलं संध्याकाळी टिकत नाही. तुमच्या पाट्यांवर काय लिहिलं होतं, रेवा? एकच वाक्य होतं ना? मला तसं एक वाक्य सुचत नाही.

आत्ता हे लिहीत असताना कवडूजींनी झुलीची घडी घालता घालता हाक मारली.

"बाई, काय लिहून राह्यले?"

"नातवंडांना लिहिते आहे."

"माह्यी झडती सांगतली का त्याइले?"

"सांगितली."

"मंग बरं." ते घडी छातीशी धरून तसेच उभे राहिले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "औंदा येते का तो?"

"कोण?"

"तोच."

मी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बोलावलंत का त्याला?"

"पोळ्याले बलावत असते का कोनी? आवतन बैलाले देतेत, मानसाले नाई," ते म्हणाले आणि आत गेले.

येऊ नये म्हणून विचारत होते की यावा म्हणून, मला कळलं नाही. 'साहेब' मात्र म्हणाले नाहीत, 'तो' म्हणाले. त्यातून काही अर्थ काढावा की काढू नये, मला माहीत नाही. प्रल्हादला फोन करावा का, तेही ठरत नाही. केला तर दुसराच कोणी उचलेल.

म्हणून रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धंच देऊ शकते. आमच्याकडे लोक चिडले की काय करतात ते मला आता सांगता येत नाही. काय शिल्लक आहे ते सांगते. पोळा भरतो. तोरण बांधायचे दोन खांब मैदानात उभे आहेत. आणि कवडूजींचा आवाज अजून या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातो.